खरखरीचं दुसरं पोतं

प्लेट जांभळी निघाली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकूण एक खळगा जांभळा.

धाकटीनं ती उजेडाकडे धरली, खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा धरली. रंग काही बदलला नाही. तळहाताएवढ्या त्या चौकोनी प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे, आणि प्रत्येकात मेंदूच्या कर्करोगाच्या काही हजार पेशी. त्यांच्यावर वनस्पतीचा अर्क घालायचा, तीन दिवस उबदार इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि मग पिवळा रंग सोडायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा करते. मेलेली पेशी काहीच करत नाही, पिवळा पिवळाच राहतो. जांभळी प्लेट म्हणजे सगळ्या पेशी ठणठणीत.

ही तिसरी वेळ होती. तीन आठवड्यांत तीन प्लेटा, आणि तिन्ही जांभळ्या.

गेल्या वर्षी असं नव्हतं. गेल्या वर्षी बासष्ट वनस्पती तपासून झाल्या होत्या, बासष्टही फुकट गेल्या होत्या, आणि त्रेसष्टावीनं मात्र सगळ्यांना खुर्चीतून उठवलं होतं. ओबडधोबड पानांचं एक झुडूप. शास्त्रीय नाव लांबलचक, पण ते तोडून आणणारा माणूस त्याला नुसतं ‘खरखरी’ म्हणायचा, कारण पानावरून बोट फिरवलं की मांजराच्या जिभेवरून फिरवल्यासारखं लागायचं. खरखरीच्या अर्काखाली दहातल्या नऊ पेशी गेल्या होत्या. धाकटीनं तेव्हा सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिलं होतं, तळाला चिकटून हातपाय पसरणाऱ्या त्या पेशी गोल होऊन सुटल्या होत्या आणि मेलेल्या माशांसारख्या वर तरंगत होत्या. अर्काचाच रंग तर फसवत नाही ना, हेही तिनं पेशींशिवायचे खळगे भरून तपासलं होतं. सगळं चोख होतं. मग पहिल्या पोत्यातली पानं संपत आली, दुसरं पोतं मागवलं, आणि त्या दुसऱ्या पोत्यानं सगळ्यावर पाणी फिरवलं.

तेच झुडूप, तीच जागा. आणि पानं आणणारा माणूसही तोच. तो माणूस म्हणजे तिचे बाबा.

बाबांनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. सदानकदा हातात पान असायचं म्हणून पोरांनी त्यांचं नाव ‘पाने सर’ पाडलं होतं, आणि नव्या वर्षाची मुलं ते आडनावच समजून अर्जावर तसंच लिहून आणायची. निवृत्त झाल्यावर ते घरी बसले नाहीत. मुलीच्या प्रयोगशाळेला वनस्पती ओळखून, तोडून, सुकवून द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं. धाकटीला प्रयोगशाळेतही सगळे धाकटीच म्हणत, तेही त्यांच्यामुळेच. एकदा त्यांनी ऑफिसच्या फोनवर विचारलं होतं, “धाकटी आहे का?” आणि फोन घेणाऱ्यानं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली होती. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. आता एक्केचाळीस वर्षांची झाली तरी नाव काही सुटलं नव्हतं.

तिच्या घरात कुणाला कर्करोग झालेला नव्हता. लोक विचारायचे, “मग तू हेच काम का घेतलंस?” ती म्हणायची, “कुणाला तरी होतोच ना.” एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं नाही.

तिसरी प्लेट घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम विभागप्रमुख, बोलायला रोखठोक, पण आतल्या गाठीच्या नव्हेत. त्यांनी प्लेट पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

“धाकटी, मी एक विचारते, रागावू नकोस. पहिलं पोतं आणलं तेव्हा तुझ्या बाबांना मोतीबिंदू होता ना?”

“हो. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन नंतर झालं.”

“म्हणजे तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं.”

हा विचार धाकटीच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

“त्यांनी दुसरंच काहीतरी तोडलं असेल,” मॅडम म्हणाल्या. “किंवा खरखरीत दुसरं काही मिसळलं असेल. माणूस आहे. आता ते ‘दुसरं काहीतरी’ काय होतं हे आपल्याला कधीच कळणार नाही. महिनाअखेरीला अहवाल जातो. मी त्रेसष्टसमोर ‘नाही’ लिहिणार आहे.”

“महिनाअखेरीपर्यंत थांबाल?”

“अकरा दिवस आहेत. थांबते. पण तू आधी त्यांना विचार.”

बाबा थोरल्या मुलाकडे राहत. संध्याकाळी धाकटी तिथे पोचली तेव्हा वहिनी बाल्कनीत कपडे काढत होती आणि बाबा त्यांच्या खोलीत, टेबलाशी. एवढीशी खोली, पण तीन भिंती कपाटांनी भरलेल्या, आणि कपाटांत वर्तमानपत्रात दाबून सुकवलेल्या फांद्यांचे गठ्ठे. ऑपरेशन झाल्यापासून ते घरभर फिरून सगळ्यांना काय काय दिसतंय ते सांगत असत. भिंतीवरची चीर, दादाच्या कानातला केस, वहिनीच्या भांड्यांवरचे डाग. वहिनी वैतागून म्हणाली होती, “डॉक्टरांना सांगून एक डोळा परत जुना करून आणू या.”

धाकटीनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. आडवळणानं सांगायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि आडवळणानं ऐकून घ्यायचा बाबांचा नव्हता.

बाबा ऐकत गेले. त्यांचा चेहरा हळूहळू ताठ झाला.

“म्हणजे मी चुकीचं झाड आणलं.”

“मी तसं म्हणत नाही, बाबा. मॅडमना तशी शंका आहे.”

“तुला नाही?”

तिची नजर पिशवीकडे वळली, आणि तेवढंच त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

“धाकटे, बेचाळीस वर्षं मी पानं ओळखली. खरखरी ओळखायला डोळे लागतात होय? अंधाऱ्या खोलीत माझ्या हातात दे. बोटांनी सांगेन, नाकानं सांगेन.” ते तरातरा उठले आणि कपाटातून एक गठ्ठा काढून टेबलावर आपटला. “प्रत्येक पोत्यातली एक फांदी मी दाबून ठेवतो. ही पहिल्या पोत्याची. बघ. बघून घे आणि तुझ्या मॅडमना पण दाखव.”

तिनं पाहिली. ती खरखरीच होती, शंकेला जागा नव्हती. पण ती एकच फांदी होती, आणि पोतं भरून पानं होती. हे तिनं बोलून दाखवलं नाही. तिनं पिशवीतून एक काचेची बरणी काढली.

“पहिल्या पोत्यातली एवढीच पानं शिल्लक आहेत. मूठ दोन मुठी. आपण एकेक पान तपासू या. एक जरी वेगळं निघालं तर वेगळं, नाही निघालं तर नाही.”

बाबांचा राग निम्मा तिथेच उतरला. तपासायचं म्हटलं की त्यांना राग धरून बसता येत नसे. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, बरणी उपडी केली, दिवा ओढून घेतला. ती चिमट्यानं पान उचलायची, ते भिंगातून पाहायचे आणि डावीकडे ठेवायचे. “खरखरी. खरखरी. ही पण.” वहिनी चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. दोनशे सात पानं आणि काही तुकडे. उजवीकडे एकही पान गेलं नाही.

“झालं समाधान?” बाबा म्हणाले. पण आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. ते त्या ढिगाकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

“काय झालं?”

“शी! काय ही पानं!” त्यांनी एक पान दिव्यासमोर धरलं. पानात चाळणीसारखी भोकं होती, कडा कुरतडलेल्या होत्या. “हे बघ. हे बघ. हेही. एक धड पान नाही यात. कुठल्या पोरानं माझ्याकडे असा नमुना आणला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. ही मी तोडली? मला भोकं दिसलीच नाहीत?” ते खुर्चीत मागे टेकले. “तुझ्या मॅडमचं एका परीनं खरंच आहे म्हणायचं. आंधळ्यासारखी ओरबाडली मी. दुसऱ्या वेळी बघ, नवे डोळे मिळाले होते, एकेक पान हातावर घेऊन, उलटं सुलटं करून घेतलं. मुलीला स्थळ बघावं तसं. डाग म्हणून कुठे नव्हता.”

“एकही किडकं पान नव्हतं?”

“एकसुद्धा नाही. पैजेवर सांगतो.”

धाकटीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग तिनं अगदी सावकाश विचारलं, “बाबा, झाडाला अळी लागली की झाड काय करतं?”

“काय करतं म्हणजे? त्याला काय पाय आहेत पळून जायला? मार खात उभं राहतं. आणि मग कडू होतं. पानात काहीबाही तयार करतं, अळीला पचू नये म्हणून. पहिल्या वर्षाला शिकवायचो मी हे...”

ते मध्येच थांबले. तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी त्या भोकाभोकांच्या ढिगाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

“धाकटे,” ते म्हणाले, “पान चांगलं निवडायच्या नादात मी औषध फेकून आलो की काय?”

“औषध नका म्हणू. पण जे काही आहे, ते.”

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, “कल्पना छान आहे. छान कल्पना मला रोज एक ऐकायला मिळते.”

“म्हणूनच मला वेळ हवाय. बरणीतली पानं मी वापरणार नाही, ती पुरावा म्हणून राहू देत. झाडांवर मुद्दाम अळ्या सोडायच्या, मग पानं तोडायची. पाच आठवडे द्या.”

“अळ्यांसाठी मुदत मागणारी तू पहिलीच.” मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं. “त्रेसष्टसमोर मी ‘तपासणी सुरू’ लिहिते. पाच आठवडे. सहावा मागू नकोस.”

खरखरीची झुडपं बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेनं, ओढ्याच्या उतारावर होती. रविवारी बापलेक तिथे गेली आणि पहिला धक्का बसला तो तिथेच. यंदा झुडपं टवटवीत होती. एक पान कुरतडलेलं दिसेना. गेल्या वर्षी अळ्यांनी धुमाकूळ घातला असणार, यंदा वरवर पाहता त्यांचा पत्ता नव्हता.

“आपणच भोकं पाडू,” धाकटी म्हणाली. “कात्रीनं.”

“पाडू. पण नुसतं तेवढंच करून भागणार नाही,” बाबा म्हणाले. मास्तर पुन्हा वर्गात शिरले होते. “झाडाला कात्री आणि अळी यांतला फरक कळतो. अळीच्या लाळेत काहीतरी असतं. म्हणून तीन झुडपं कात्रीनं कापायची, तीन अळ्यांना द्यायची, तीन तशीच ठेवायची. आणि एकेकावर भागवायचं नाही. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तुला दहा वर्षांची होतीस तेव्हाच सांगितलंय.”

“तेव्हा तुम्ही कुंडीतल्या मिरचीबद्दल सांगत होता.”

“नियम तोच.”

मग चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस उतारावर गुडघे टेकून, ओढ्यापर्यंतच्या एकेका झुडपाखाली अळ्या शोधू लागला. धाकटीनं दोन तास घालवले, तिला चार मिळाल्या. त्या भाताच्या शितापेक्षा मोठ्या नव्हत्या, रंग अगदी पानाच्या शिरेचा, आणि बसायच्याही शिरेला चिकटून, पानाखाली. बाबा पान हलकेच उलटायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, “ही बघ बया, झोपलीय.” दिवस कलायच्या आत त्यांनी सदतीस गोळा केल्या. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात त्या घरी आल्या आणि एक रात्र बाल्कनीत राहिल्या. त्याबद्दल वहिनी जे बोलली ते शब्दांत मांडण्यासारखं नाही. पण बोलून झाल्यावर तिनंच जुने जाळीचे पडदे काढून दिले, नऊ झुडपांना पुरतील एवढे, आणि शिलाई मशीनवर त्यांना खालून नाडीसुद्धा घालून दिली.

एक्केचाळीस अळ्यांची वाटणी झाली, चौदा, चौदा आणि तेरा. तीन झुडपांची पानं धाकटीनं कात्रीनं कापली, रोज संध्याकाळी थोडी थोडी, अळी खाईल त्या बेतानं. बाबा रोज सकाळी पहिल्या बसनं जात, जाळ्या तपासत आणि वहीत लिहून ठेवत. पाचव्या दिवशी वारा असा सुटला की तिसऱ्या अळीवाल्या झुडपाची जाळी फाटून फांदीला लोंबत राहिली. बाबा पोचेपर्यंत पाखरांनी मेजवानी उरकली होती. तेरातल्या चारच अळ्या उरल्या.

त्यांनी तिथूनच फोन केला. “ते झुडूप बाद करू?”

धाकटीनं क्षणभर विचार केला. “नको. राहू दे. फक्त काय झालं ते लिहून ठेवा, तारखेसकट.”

नवव्या दिवशी नऊ झुडपांची पानं नऊ पिशव्यांत तोडली. बाबांच्या खोलीत पंख्याखाली ती सुकली, आणि सुकेपर्यंत बाबा दिवाणखान्यात झोपले. मग पिशव्या गेल्या रसायनवाल्याकडे. हा प्रयोगशाळेतला अर्क काढणारा माणूस. काहीही हातात द्या, तो ते आधी गाळून बघणार, म्हणून त्याचं नाव ‘गाळणी’.

“तू अर्क काढ,” धाकटीनं त्याला सांगितलं. “नऊ बाटल्या, आणि दहाव्या बाटलीत नुसता द्राव, पानाशिवायचा. नंबर तूच टाक, तुला हवे तसे. कुठल्या बाटलीत काय हे मला सांगायचं नाही.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“माझ्यावर नाही. मला ते व्हायला हवंय रे. हवं असलं की डोळे आपल्याला हवं तेच बघतात.”

गाळणीनं यादी पाकिटात घातली, पाकीट डिंकानं चिकटवलं, जोडावर सही केली आणि आपल्या खणात कुलूप लावून ठेवलं. त्यानंतरचे चार दिवस तो तिच्याशी हवापाण्याशिवाय काही बोलला नाही, चुकून तोंडातून काही निघायला नको म्हणून.

धाकटीनं पेशी मोजल्या, खळग्यांत सोडल्या, दुसऱ्या दिवशी अर्क घातले. हे काम करताना ती एरवी गुणगुणत असे. त्या दिवशी गुणगुणली नाही. पिपेटचं टोक प्रत्येक खळग्यानंतर बदलायचं, हात काचेच्या बंद कप्प्यातून बाहेर काढायचा नाही, चुकलं असं वाटलं तर ती पूर्ण रांग सोडून पुढची नवी घ्यायची. दोन रांगा तिनं सोडल्या. तीन दिवस इन्क्युबेटरचं दार तिनं एकदाही उघडलं नाही. चौथ्या दिवशी पिवळा रंग घातला आणि चार तास मॅडमच्या खोलीबाहेरची फडताळं पुसली. ती कधीच कुणी पुसत नसे.

मग प्लेट काढली.

दोन आणि सात नंबरच्या रांगा पिवळ्या होत्या. नऊ नंबर मधलाच, मळकट, धड इकडे ना तिकडे. चार नंबरवर जरासा फिका जांभळा. बाकी सगळं गडद.

तिनं कुणाला हाक मारली नाही. आधी रंग मोजणाऱ्या यंत्रात आकडे घेतले, वहीत उतरवले, सही केली, तारीख घातली. मग गाळणीला आणि मॅडमना बोलावलं. पाकीट मॅडमनी फोडलं.

“दोन, अळी. सात, अळी.” मॅडम वाचत होत्या. “चार, कात्री.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि नऊ, अळी. हे का अर्धवट? इथे तिसरं झुडूप लिहिलंय, त्याचं काय झालं होतं?”

धाकटीला आधी आठवेना. मग तिनं बाबांची वही पिशवीतून काढली, पानं चाळली, आणि बोट ठेवलं. तिसरं झुडूप. जाळी फाटली. पाखरं. अळ्या उरल्या चार.

गाळणीनं ती ओळ दोनदा वाचली. “जेवढ्या अळ्या, तेवढा गुण,” तो पुटपुटला. “हे तर आपण ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.”

“परत कर,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण पाकीट त्यांनी हातातून सोडलं नव्हतं. “अजून दोनदा. आणि धाकटी, निरोगी पेशींवर.”

“तेच करणारे.”

अजून दोनदा तिनं केलं, दर वेळी नवे नंबर, नवं पाकीट. निकाल तोच. निरोगी पेशींचं मात्र तसं सरळ गेलं नाही. अर्काचं प्रमाण जास्त असलं की मेंदूच्या निरोगी पेशीही मरत होत्या, कर्करोगाच्या पेशींइतक्याच. त्या दिवशी ती दिवे मालवून सरळ घरी गेली. सकाळी आली आणि प्रमाण निम्मं केलं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. आठ पायऱ्या उतरली. सहाव्या पायरीवर कर्करोगाच्या दहातल्या सात पेशी मरत होत्या आणि निरोगी दहातल्या दोन.

“दोन तर दोन,” गाळणी म्हणाला. “सातच्या मानानं काहीच नाही. अहवालात सात ठळक लिहू.”

“दोनही तेवढंच ठळक लिहायचं,” धाकटी म्हणाली. “मेंदूतल्या आहेत त्या. ज्याच्या जातील त्याला त्या ‘काहीच नाही’ वाटणार नाहीत.”

पाचवा आठवडा संपायच्या आदल्या दिवशी तिनं कागद मॅडमच्या टेबलावर ठेवले. सात आणि दोन एकाच ओळीत होते. वनस्पतीच्या नावाखाली, पानं कशी हवीत त्या रकान्यात, ‘अळीनं खाल्लेली, किमान नऊ दिवस’ असं लिहिलं होतं. मॅडमनी शेवटपर्यंत वाचलं, मग म्हणाल्या, “आता दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवायचं. आपल्याशी ज्यांचं काही देणंघेणं नाही अशांना. त्यांच्या हातून झालं तर खरं.”

त्यांना पानं पाठवायला आणखी एक फेरा करावा लागला. पुन्हा अळ्या, पुन्हा जाळ्या, पुन्हा वहिनीची बाल्कनी. सात आठवड्यांनी तिकडून उत्तर आलं, दोन ओळींचं आणि एका तक्त्याचं. त्यांना कर्करोगाच्या दहातल्या सहा मेलेल्या दिसल्या होत्या. निरोगीतल्या दोन.

ते पत्र हातात घेऊन ती बाबांना आणायला गेली. इतक्या वर्षांत बाबा प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत कितीदा आले होते, पोती देऊन परत गेले होते. आत कधी आले नव्हते. मॅडमनीच सांगितलं होतं, आज त्यांना वर घेऊन ये.

त्यांना पांढरा कोट घातला तो गुडघ्यांच्या खाली गेला. बुटांवर निळ्या पिशव्या चढवताना ते म्हणाले, “नवरदेवासारखं नटवताय की ऑपरेशनला नेताय?” गाळणी हसला. सूक्ष्मदर्शकाशी धाकटीनं स्टूल ठेवलं, काच बसवली, फिरकी फिरवून दिली.

“ह्या त्या?”

“ह्या त्या. अर्क न घातलेल्या.”

बाबा वाकले. मग हललेच नाहीत. पलीकडे पंख्याची घरघर चालू होती, गाळणी बाटल्या मांडत होता. धाकटी शेजारी उभी राहिली.

“मला वाटलं होतं काहीतरी ओंगळ दिसेल,” अखेर ते भिंगावरून डोळा न काढता म्हणाले. “ह्या तर वेलीसारख्या आहेत. प्रत्येकीला धुमारे फुटलेत. रिकामी जागा दिसली की तिकडे हात लांबवलाय.” त्यांनी फिरकी जराशी फिरवली. “दुप्पट व्हायला किती वेळ लागतो यांना?”

“दीड दिवस. फार तर दोन.”

“आणि तुमचं हे, माणसाच्या उपयोगी पडायला?”

तिनं त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. “अजून त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढायचाय, गाळणीचं ते काम वर्षभराचं. मग तो रक्तातून मेंदूत शिरतो का हे बघायचं. बहुतेक पदार्थ तिथेच अडकतात, बाबा. मग उंदीर. मग बाकीचं. दहा वर्षं, बारा वर्षं. आणि एवढं करून हाती काही लागेलच असं नाही. शंभरातलं एखादं लागतं.”

बाबा सरळ झाले. डोळे चोळले. त्यांच्या तोंडावर निराशा नव्हती. झाडाची फांदी कुठून कापायची हे ठरवताना त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

“एका वर्षाच्या कामाला गाळणीला किती पानं लागतील?”

गाळणीनं वळून पाहिलं. “सुकलेली? वीस किलो तरी.”

“म्हणजे ओल्या पानांची शंभरेक किलो. खाणीकडची झुडपं पुरायची नाहीत, बोडकी होतील. रोपं करावी लागतील.” ते स्टुलावरून उतरले. “खरखरी फांदीपासून लागते. आज फांद्या लावल्या तर दोन वर्षांत पानं देईल. अळ्यांची पैदासही करायला हवी, दर वेळी गुडघ्यांवर किती शोधणार? कॉलेजच्या मागे पडीक जमीन आहे, तिथले माळी माझे विद्यार्थी. विचारतो.”

“बाबा, दोन वर्षांनी तुम्ही शहात्तर असाल.”

“असेन ना! नसलो तर तू असशील, झाडं तर असतीलच.” त्यांनी कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली, एक बटण अडकलं, तेही ओढून सोडवलं. “तुझ्या मॅडमना सांग, मला एक पत्र हवंय, जमिनीसाठी. शिक्क्याचं. आजच मिळालं तर बरं, उद्या शनिवार.”

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या मागे वळल्या. आपल्या खोलीत गेल्या, आणि थोड्या वेळानं टाइप करण्याचा आवाज येऊ लागला.